संकल्पना आणि अक्षर : भूमाहितीच्या मानकांतील विदाप्रकारांचे एक्सएमएल-रूपांतर

१

कोणत्याही शास्त्रात संकल्पना आणि तिची नोंद या दोन वेगळ्या वस्तू असतात. भूमापकाच्या मनातील ‘क्षेत्रफळ’ ही एक संकल्पना होय. कागदावर उमटलेला आकडा ही तिची नोंद होय. नोंद वाचणारा माणूस जोवर नोंद करणाऱ्याच्याच कचेरीत बसलेला असतो तोवर या दोहोंतील अंतर कोणाच्या ध्यानात येत नाही. परंतु नोंद एका यंत्राने लिहावयाची, दुसऱ्याने वाचावयाची आणि मध्ये कोणाही माणसाने स्पष्टीकरण देण्यास उभे राहावयाचे नाही, असे ठरले की ते अंतर उघडे पडते. भूमाहितीच्या आंतरराष्ट्रीय मानकांनी गेल्या तीन दशकांत हे अंतर नियमांनी बांधून काढण्याचा प्रयत्न केला आहे. तो कितपत सफल झाला, आणि जेथे फसला तेथे दोष संकल्पनेचा की अक्षराचा, याचा विचार येथे कर्तव्य आहे.

हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांच्या सोयीचा नव्हे. आज भूमीसंबंधीचे जे दस्तऐवज संगणकीय रूपात साठविले जात आहेत, त्यांचा अर्थ पुढील पिढीस केवळ त्या दस्तऐवजांवरून लावता येईल की नाही, हे या रूपांतराच्या नियमांवर अवलंबून आहे.

२

प्रथम थोडा इतिहास पाहणे अवश्य आहे. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेची (आयएसओ) भूमाहितीविषयक समिती, तांत्रिक समिती २११, ही १९९४ साली स्थापन झाली. त्याच वर्षी ओपन जीआयएस कन्सोर्शियम (पुढे ओपन जिओस्पेशियल कन्सोर्शियम) ही संस्थाही अस्तित्वात आली. एक्सएमएलची पहिली शिफारस फेब्रुवारी १९९८ मधील, आणि एक्सएमएल स्कीमाची मे २००१ मधील. म्हणजे समितीने आपल्या कार्याची आखणी केली तेव्हा एक्सएमएल अस्तित्वातच नव्हते. ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. कारण संकल्पना प्रथम आणि अक्षर नंतर, ही या मानकांची मूळ भूमिका त्या कालानुक्रमाशी सुसंगत अशीच आहे.

या भूमिकेनुसार भूमाहितीचे सर्व आराखडे यूएमएल या चित्रभाषेत लिहावयाचे. त्या भाषेचा भूमाहितीपुरता वापर कसा करावा, आणि त्यात कोणते मूलभूत विदाप्रकार असावेत, हे आयएसओ १९१०३ सांगते. ते २००५ साली तांत्रिक विनिर्देश म्हणून प्रसिद्ध झाले आणि २०१५ साली त्यास पूर्ण मानकाचा दर्जा मिळाला. कॅरेक्टरस्ट्रिंग, इंटिजर, रिअल, डेसिमल, बूलियन, डेट, डेटटाइम, मेझर इत्यादी प्रकार हे या भाषेचे वर्णाक्षर होत. त्यांपासून एक्सएमएल घडविण्याचे सामान्य नियम आयएसओ १९११८ ने घातले. त्या मानकाच्या मते संकेतनाचा नियम दुहेरी असतो : एक आराखड्याचे रूपांतर कसे करावयाचे यासंबंधी, आणि दुसरा त्या आराखड्यानुसार आलेल्या प्रत्यक्ष नोंदीचे रूपांतर कसे करावयाचे यासंबंधी.

येथवर सर्व सुसंगत आहे. अडचण पुढे येते. १९१०३ चे प्रकार एक्सएमएलमध्ये उतरविण्याचे दोन निरनिराळे मार्ग एकाच समितीच्या छत्राखाली एकाच वर्षी मानक म्हणून पुढे आले. पहिला मार्ग जीएमएल या भूगोलीय चिन्हांकन-भाषेचा. कन्सोर्शियमने ही भाषा २००० साली प्रथम प्रसिद्ध केली आणि २००७ साली ती आयएसओ १९१३६ झाली. दुसरा मार्ग अधिविदेसाठी, म्हणजे विदेविषयीच्या विदेसाठी, आखलेल्या आयएसओ/टीएस १९१३९ चा; तोही २००७ चाच. एका मुळाच्या या दोन शाखांची तुलना केली असता रूपांतराचे खरे स्वरूप स्पष्ट होते.

३

सर्वांत साधा प्रकार घ्यावा : कॅरेक्टरस्ट्रिंग, म्हणजे अक्षरांची माला. एखाद्या आराखड्यात ‘नाव’ हा गुणधर्म कॅरेक्टरस्ट्रिंग या प्रकाराचा आहे असे समजू. जीएमएलच्या नियमानुसार ‘नाव’ हा एक घटक होतो आणि त्याच्या पोटात अक्षरे थेट लिहिली जातात. १९१३९ च्या नियमानुसार मात्र ‘नाव’ या घटकाच्या पोटात ‘कॅरेक्टरस्ट्रिंग’ नावाचा आणखी एक घटक येतो आणि अक्षरे त्याच्या पोटात जातात. संकल्पना एक, अक्षरे तीच. परंतु एका शाखेचा वाचक-कार्यक्रम दुसऱ्या शाखेची नोंद वाचू शकत नाही.

१९१३९ च्या या पद्धतीवर अनावश्यक पाल्हाळाचा आक्षेप वारंवार घेतला गेला आहे, आणि वरवर पाहता तो खरा वाटतो. त्या विनिर्देशात प्रत्येक वर्गापासून तीन वस्तू निर्माण होतात : वर्गाचा प्रकार, वर्गाचा सार्वत्रिक घटक, आणि त्या वर्गाला गुणधर्म म्हणून वापरण्यासाठीचा प्रकार. साध्या शीर्षकासाठी दोन पातळ्यांची पेटी उघडावी लागते. तथापि या आक्षेपामागील विचार अपुरा आहे. मधल्या पातळीमुळे कॅरेक्टरस्ट्रिंगच्या जागी दुसरा घटक ठेवता येतो, उदाहरणार्थ शब्दाबरोबर त्याच्या व्याख्येचा दुवा वाहणारा ‘अँकर’. शिवाय तोच मजकूर अनेक भाषांत द्यावयाचा असल्यास मूळ मजकुराशेजारी त्याची भाषांतरे, प्रत्येकाची भाषा सांगून, मांडण्याची सोयही याच विनिर्देशात आहे. ज्या देशात एका गावाचे नाव देवनागरी, कन्नड आणि रोमन अशा तीन लिप्यांत नोंदले जाते, तेथे ही सोय चैनीची म्हणता येणार नाही. कॅरेक्टरस्ट्रिंग ही संकल्पना केवळ अक्षरांची ओळ नसून कोणत्या तरी भाषेतील अक्षरांची ओळ असते, हे १९१३९ ने ओळखले; जीएमएलच्या साध्या रूपांतराने ते ओळखले नाही. पाल्हाळ हा येथे अर्थाचा मोबदला आहे.

दोष शोधावयाचा तर तो निराळ्या ठिकाणी आहे. एकाच संकल्पनेची दोन रूपे होतील हे ठाऊक असताना, कोणत्या प्रसंगी कोणते रूप योग्य हा विवेक संकल्पनेच्या पातळीवर मांडला गेला नाही. तो दोन निरनिराळ्या दस्तऐवजांच्या परंपरांवर सोडून दिला गेला.

४

हीच गोष्ट ‘डेट’ या प्रकारात अधिक गंभीर होते. जीएमएलच्या मूळ नियमात डेट म्हणजे एक्सएमएल स्कीमाचा ‘डेट’. तेथे वर्ष, महिना आणि दिवस ही तिन्ही अंगे आवश्यक आहेत. १९१३९ मध्ये मात्र तोच प्रकार तीन पर्यायांचा संयोग होतो : पूर्ण तारीख, वर्ष व महिना, किंवा केवळ वर्ष.

एखाद्या जुन्या मोजणीचे वर्ष १८८० एवढेच ठाऊक आहे असे समजावे. अधिविदेत ‘१८८०’ अशी प्रामाणिक नोंद करता येते. तीच मोजणी फीचरचा गुणधर्म म्हणून जीएमएलमध्ये उतरवू गेल्यास नोंद अवैध ठरते, आणि पडताळणीत उत्तीर्ण होण्यासाठी लेखनिक किंवा त्याचा कार्यक्रम ‘१८८०-०१-०१’ असे लिहून मोकळा होतो. या क्षणी एक अज्ञान ज्ञानाचा वेष धारण करते. जानेवारीची पहिली तारीख कोणी सांगितली नव्हती. ती स्कीमाने निर्माण केली. पुढील अभ्यासकाला ही तारीख खरी की भरतीची, हे कळण्यास कोणताही मार्ग उरत नाही.

जीएमएलला हा प्रश्न अपरिचित होता असे नव्हे. त्याच भाषेत काळाच्या नोंदीसाठी स्वतंत्र प्रकार आहेत. त्यांत अपुऱ्या तारखा चालतात. इतकेच नव्हे, तर ‘यापूर्वी’, ‘यानंतर’, ‘आता’, ‘अज्ञात’ अशी अनिश्चिततेची खूणही करता येते. परंतु आराखडा लिहिणाऱ्याने ‘डेट’ हा सोपा शब्द वापरला की रूपांतराचा नियम त्याला काटेकोर प्रकाराकडे नेतो. समृद्ध प्रकार हाती असून तो मागितल्याशिवाय मिळत नाही, आणि मागावयास हवा हे यूएमएलच्या चित्रात कोठेही दिसत नाही.

५

संख्यांच्या बाबतीत रूपांतराचा दोष अधिक सूक्ष्म आहे. रिअल हा प्रकार एक्सएमएल स्कीमाच्या ‘डबल’ या प्रकारात जातो, म्हणजे चौसष्ट बिटांच्या द्विमान संख्येत. त्यात पंधरा ते सतरा सार्थ अंक मावतात. तेव्हा अक्षांश-रेखांशांसाठी ती सूक्ष्मता पुरून उरते. अडचण सूक्ष्मतेच्या उणिवेची नसून तिच्या खुणेची आहे. भूमापकाने ‘१८.५०’ लिहिले तर त्यातील शेवटचे शून्य निरर्थक नसते. दुसऱ्या दशांशापर्यंत मोजल्याची ती ग्वाही असते. ‘डबल’च्या मूल्यक्षेत्रात १८.५० आणि १८.५ एकच. दस्तऐवजाच्या अक्षरांत ते शून्य टिकते, पण पहिल्याच कार्यक्रमाने वाचून पुन्हा लिहिले की ते गळून पडण्याची शक्यता असते. उलट ‘डबल’मध्ये ‘संख्या नव्हे’ आणि ‘अनंत’ ही मूल्येही वैध आहेत. कोणत्याही भूमापकाला ती अभिप्रेत नसतात.

मेझर हा प्रकार या दृष्टीने पुष्कळ चांगला आहे. जीएमएलमध्ये मेझरचे रूपांतर एककाशिवाय होऊच शकत नाही. संख्येबरोबर एककाचे अ‍ॅट्रिब्यूट अनिवार्य आहे. हा नियम किती मोलाचा आहे हे महाराष्ट्रातील सात-बाराच्या उताऱ्यावरून सहज समजते. तेथे क्षेत्र हेक्टर, आर आणि चौरस मीटर अशा क्रमाने, मध्ये टिंबे देऊन लिहिले जाते. ‘१.२३.५०’ याचा अर्थ १ हेक्टर, २३ आर, ५० चौरस मीटर, म्हणजे १२,३५० चौरस मीटर. ही दशांश संख्या नव्हे. यंत्र तिला संख्या मानू शकत नाही आणि अक्षरमाला मानल्यास तिची बेरीज करता येत नाही. संकल्पनेच्या पातळीवर हे क्षेत्रफळ आहे, तेव्हा तिचे योग्य रूप मेझर हेच : १.२३५ आणि शेजारी हेक्टर हे एकक. येथे मानकाची शिस्त स्थानिक परिपाठापेक्षा निश्चित श्रेष्ठ आहे.

परंतु ही शिस्तही अर्ध्या वाटेवर थांबते. जीएमएलमध्ये लांबी, क्षेत्रफळ, घनफळ, कोन यांना स्वतंत्र नावांचे प्रकार आहेत. तथापि त्यांची रचना पाहता ते सर्व मेझरचीच प्रतिरूपे आहेत. क्षेत्रफळाच्या घटकावर ‘मीटर’ हे एकक लिहिले तरी स्कीमा ते मुकाट्याने स्वीकारतो. नाव क्षेत्रफळाचे, एकक लांबीचे, आणि पडताळणी उत्तीर्ण.

६

या मानकांचा खरा गौरव करावयाचा तर तो रिकाम्या जागेच्या विचारासाठी करावा लागेल. सामान्य तक्त्यात रिकामी चौकट अनेक अर्थ घेऊन येते : वस्तू नाही, आहे पण ठाऊक नाही, ठाऊक आहे पण सांगावयाचे नाही. जीएमएल आणि १९१३९ या दोन्ही शाखांनी मूल्य नसल्यास त्याचे कारण लिहिण्याची सोय केली. ‘लागू नाही’, ‘उपलब्ध नाही’, ‘अज्ञात’, ‘राखून ठेवले’, ‘नंतर भरावयाचे’ अशी ही कारणे. आणि ती अपुरी पडल्यास स्वतःचे कारण जोडण्याची मुभाही आहे. युरोपीय संघाच्या २००७ च्या इन्स्पायर निर्देशानुसार तयार झालेल्या आराखड्यांनी ही कल्पना संकल्पनेच्या पातळीवरच नेली. तेथे गुणधर्मावर ‘व्हॉइडेबल’ ही खूण असते, आणि वास्तवात ती वस्तूच नसणे व वस्तू असूनही तिचे मूल्य हाती नसणे हे दोन अर्थ वेगळे राखले जातात. विहिरीला कठडा नाही, आणि विहिरीला कठडा आहे की नाही ते पाहिले गेले नाही, या दोन विधानांतील भेद ज्या नोंदवहीत पुसला जात नाही, ती नोंदवही विश्वासार्ह होय.

संकल्पना आणि अक्षर यांचा मेळ येथे का जमला, याचे उत्तर उद्बोधक आहे. आशय प्रथम नीट ओळखला गेला, त्याला यूएमएलच्या चित्रात खूण मिळाली, आणि मगच त्याला एक्सएमएलचे रूप दिले गेले. तारखेच्या बाबतीत यांतील पहिली दोन पावले टाकली गेली नाहीत.

७

भूमितीकडे वळता निराळेच दृश्य दिसते. आयएसओ १९१०७ च्या २००३ च्या आवृत्तीत बिंदू, वक्र, पृष्ठ इत्यादी वर्ग केवळ गुणधर्मांनी नव्हे, तर क्रियांनीही वर्णिले होते : अंतर काढणे, छेद घेणे, भोवतालचा पट्टा आखणे. एक्सएमएल हे स्थिर नोंदीचे माध्यम असल्याने क्रिया त्यात उतरू शकत नाहीत. त्या गळतात, आणि ते न्याय्यच आहे. परंतु क्रियांबरोबर अटीही गळतात. बहुभुजाचे कडे बंद असावे, म्हणजे पहिला व शेवटचा बिंदू एकच असावा, ही अट एक्सएमएल स्कीमा १.० तपासू शकत नाही. बिंदू सुटे सुटे लिहिल्यास किमान चार असावेत एवढे तो पाहतो. तेच बिंदू एका अखंड यादीत लिहिले की तेवढीही तपासणी संपते. यूएमएलमध्ये ओसीएल भाषेत लिहिलेल्या अटींसाठी स्किमाट्रॉनसारखे वेगळे साधन जोडावे लागते. २०१२ च्या एक्सएमएल स्कीमा १.१ ने विधानात्मक अटींची सोय केली; पण ही मानके त्यापूर्वीच १.० वर उभी राहिली होती.

अक्षांच्या क्रमाचे उदाहरण तर प्रसिद्धच आहे. ईपीएसजी ४३२६ या निर्देशप्रणालीच्या व्याख्येत अक्षांश आधी आणि रेखांश नंतर येतो. अनेक कार्यक्रमांची सवय उलट. पुण्याचे स्थान सुमारे १८.५२ उत्तर अक्षांश आणि ७३.८६ पूर्व रेखांश. हे दोन आकडे अदलाबदल झाले तर पुणे नॉर्वेच्या उत्तरेकडील समुद्रात जाऊन पडते, आणि स्कीमाच्या लेखी दोन्ही नोंदी सारख्याच वैध असतात. संकल्पनेत क्रम निर्देशप्रणालीच्या व्याख्येत असतो. अक्षरांत तो केवळ दोन संख्यांच्या मांडणीत उरतो, आणि व्याख्या एका दुव्यापलीकडे राहते.

८

आता मूळ भूमिकेचे परीक्षण करता येईल. संकल्पना स्वामिनी आणि अक्षर सेवक, असे ही मानके सांगतात. प्रत्यक्षात सेवकानेही स्वामिनीला नियम घातलेले आहेत. यूएमएलमध्ये वर्गाच्या गुणधर्मांना क्रम नसतो; एक्सएमएल स्कीमातील अनुक्रमाला तो हवा असतो; म्हणून जीएमएलच्या नियमांनी यूएमएलमधील प्रत्येक गुणधर्माला क्रमांकाची चिठ्ठी चिकटविली. संबंधित वस्तू नोंदीच्या पोटात लिहावी की दुव्याने दाखवावी, हा निव्वळ लेखनाचा प्रश्न. त्यासाठीही चित्रात वेगळी चिठ्ठी आली. एक्सएमएल स्कीमात एका प्रकाराचा विस्तार एकाच मूळ प्रकारापासून करता येतो. म्हणून अनेक पूर्वजांचा वारसा सांगणाऱ्या आराखड्यांना जीएमएलच्या दारात प्रवेश मिळाला नाही. संकेतयाद्यांचेही तसेच. गणना बंद असते आणि संकेतयादी वाढणारी असते, हा संकल्पनेतील भेद २००७ च्या नियमात ‘इतर’ या उपसर्गाच्या पळवाटेने कसाबसा टिकविला गेला. २०१५ च्या १९१३६-२ ने बाहेरच्या नोंदवहीकडे दुवा देण्याचा अधिक स्वच्छ मार्ग दिला. मात्र त्याने नोंदीचा अर्थ त्या नोंदवहीच्या आयुष्याशी बांधला गेला.

हा दोष समजून त्यावर उपाय करण्याचे प्रयत्नही झाले आहेत. सिटीजीएमएलच्या ३.० या आवृत्तीने संकल्पनात्मक आराखडा २०२१ साली स्वतंत्र मानक म्हणून प्रसिद्ध केला, आणि त्याचे जीएमएल-रूप २०२३ साली वेगळे आले. याच्या नेमके उलट टोक म्हणजे २०१६ चे जिओजेसनचे विनिर्देशन, आरएफसी ७९४६. त्याने निर्देशप्रणाली एकच ठेवली, रेखांश आधी हा क्रम ठरवून टाकला, आणि विदाप्रकारांची सूक्ष्म चिकित्सा सोडून दिली. त्याचा प्रसार पाहून पुष्कळांनी एक्सएमएलचा मार्ग व्यर्थ ठरविला. हा निष्कर्ष घाईचा आहे. जिओजेसनने अक्षांचा वाद मिटविला हे खरे. परंतु त्याच्या गुणधर्मांत तारीख ही अक्षरमाला आहे, एककास नियत जागा नाही, आणि रिकाम्या मूल्याचे कारण सांगण्याची कोणतीही ठराविक रीत नाही. जेथे प्रश्नच विचारला जात नाही तेथे उत्तर चुकण्याचा संभव नसतो. पण ते सुलभतेचे यश होय, अर्थरक्षणाचे नव्हे.

९

तात्पर्य, या मानकांचे मूल्यमापन दोन कसोट्यांवर वेगवेगळे करावे लागते. विचारांची कसोटी लावली तर त्यांनी भूमाहितीच्या क्षेत्रात एक मोठी शिस्त आणली हे मान्य केले पाहिजे. एककावाचून माप नाही, कारणावाचून रिक्तता नाही, आणि भाषेवाचून मजकूर नाही, ही त्यांची तीन तत्त्वे कोणत्याही माध्यमात टिकण्याजोगी आहेत. रूपांतराची कसोटी लावली तर मात्र ती उणी पडतात. कारण रूपांतर हे केवळ यांत्रिक काम आहे, संकल्पना ठरली की अक्षर आपोआप ठरते, अशी समजूत त्यांत गृहीत धरली गेली. प्रत्येक रूपांतर हा अर्थविषयक निर्णय असतो. ‘डेट’चे रूप निवडणे म्हणजे अपुऱ्या ज्ञानाला जागा द्यावयाची की नाही हे ठरविणे होय; आणि असा निर्णय नियमांच्या परिशिष्टातील तक्त्यात एका ओळीत उरकला जाऊ नये.

या विषयाच्या अभ्यासकाने म्हणून वैधता आणि सत्यता यांची गल्लत करता कामा नये. स्कीमाने मान्य केलेली नोंद व्याकरणशुद्ध असते, एवढाच त्या मान्यतेचा अर्थ. व्याकरणशुद्ध वाक्य खोटे असू शकते. जमिनीच्या नोंदीत असे एखादे वाक्य शिरले तर त्याची किंमत संगणक देत नाही. ज्याची जमीन असते तो देतो.